गुडघे साथ देत नसताना पक्ष्यांचे फोटो: गाडी, होडी आणि मुगाची पिशवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६८, दोन्ही गुडघ्यांना संधिवात. वॉकर घेऊन पन्नास-साठ पावलं चालता येतं. उजवा खांदाही दुखतो, त्यामुळे कॅमेरा फार वेळ वर धरवत नाही. घरी जुना डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स आहे. जानेवारीत पुण्याहून एका दिवसासाठी उजनी धरणाकाठच्या भिगवणला जायचं आहे आणि फोटो आईंना स्वतः काढायचे आहेत. जमेल का, कसं जमेल, आणि नवीन कॅमेरा घ्यायचा का?

जमेल, आणि चांगलं जमेल. फक्त पक्ष्यांच्या मागे फिरायचा विचार आधी डोक्यातून काढा. ज्यांना चांगले फोटो मिळतात ते फार चालत नाहीत, ते एका जागी फार वेळ बसतात. दोन पायांवर चालत येणारा माणूस दिसला की मोकळ्या माळावरचा पक्षी साठ-सत्तर मीटरवरच उडतो. तोच पक्षी उभ्या गाडीजवळ, माणूस आतच बसून राहिला तर, पंधरा-वीस मीटरवर शांत बसून खातो. त्याला गाडीची भीती कमी आणि माणसाच्या आकाराची जास्त असते. म्हणजे आईंनी जे नाइलाजाने करायचं, ते धडधाकट छायाचित्रकारही मुद्दाम करतात. म्हणून दिवसाची आखणी अशी करा: सकाळी होडी, दुपारी आराम, संध्याकाळी गाडीतून फोटो. निरीक्षण मनोरे, जंगलातल्या पायवाटा आणि ‘थोडंच चालायचंय’ असं सांगितलेल्या जागा यादीतून काढून टाका. मनोऱ्याला जिना असतो, आणि ते ‘थोडंच’ बहुतेक वेळा अर्धा किलोमीटर निघतं.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो.

दुखऱ्या गुडघ्यांना फार बुटकी गाडी त्रास देते आणि फार उंच गाडीही. सीट बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीला किंवा चार बोटं वर असेल तर उत्तम. बसताना आधी पाठ गाडीकडे करून सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. सीटवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज वळतं. वळून झालं की पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस घसरतो.

हमरस्त्यावर नेहमीसारखं बेल्ट लावून बसायचं. माळावर पोहोचून गाडी उभी केली की आईंना मागच्या सीटवर आडवं बसवा: पाठ उजव्या दाराकडे, मागे जाड उशी, पाय सीटवर लांब सोडलेले, तोंड डाव्या खिडकीकडे. गुडघे वाकवून तासभर बसण्यापेक्षा हे पुष्कळ सुखाचं असतं, आणि फोटोसाठी कंबरही पिळावी लागत नाही. पाठ टेकलेलं दार लॉक आहे ना, ते प्रत्येक वेळी तपासा. निघण्याआधी घरीच बघून घ्यायची गोष्ट म्हणजे मागची काच. बऱ्याच गाड्यांत ती पूर्ण खाली जात नाही, अर्ध्यावर अडते. तुमच्या गाडीत तसं असेल तर पुढची डावी सीट शेवटपर्यंत मागे सरकवून तिथे बसवा.

आता दिशा. फोटो डाव्या खिडकीतून काढायचे, तर सूर्य उजव्या हाताला हवा. सकाळी गाडी उत्तरेकडे तोंड करून चालवा, म्हणजे डावी खिडकी पश्चिमेला येते आणि समोरच्या पक्ष्यावर उगवतीचं ऊन पडतं. संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा पूर्वेकडे तोंड करून गेलात की डावी खिडकी उत्तरेला येते आणि प्रकाश बरोबर पडतो. गाडी चालवणाऱ्याने हे तीन नियम कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवावेत. पक्षी दिसला की घाईत सगळे विसरतात आणि मग काळी सावली घेऊन घरी येतात.

अजून एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आई डावीकडे बघत असताना त्यांच्यामागची उजवी खिडकी उजळ असते, आणि बाहेरच्या पक्ष्याला त्या उजेडावर हलणारं डोकं आणि हात स्वच्छ दिसतात. उजव्या खिडकीला आतून गडद चादर लावा, कपड्यांचे चिमटे पुरतात. आतलं सगळं काळोखात गेलं की पक्षी पाच-सात मीटर जास्त जवळ येऊ देतो. डाव्या खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागालाही मातकट रंगाचा कपडा लावला आणि खाली लेन्सपुरती फट ठेवली तर फारच छान.

लेन्सचा भार खांद्यावर येऊ द्यायचा नाही, तो खिडकीवर द्यायचा. त्यासाठी बाजारातली महाग बीन बॅग, म्हणजे लेन्सला टेकू देणारी दाण्यांची पिशवी, लागत नाही. जुन्या जीन्सच्या पायाचा चाळीस सेंटिमीटरचा तुकडा कापा, एक टोक दुहेरी शिवणीने बंद करा, दुसऱ्याला वेल्क्रो लावा. आत दोन ते अडीच किलो अख्खे मूग भरा, पण सरळ जीन्समध्ये ओतू नका, आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती आत घाला. मूग ओले झाले तर फुगतात आणि दोन दिवसांत वास मारतो. तांदूळ चालतो, पण तो दाबला की दगडासारखा बसतो. मुगाचे गोल दाणे लेन्सच्या आकाराभोवती सरकून मग पक्के होतात. राजमा नको, दाणा मोठा असल्याने लेन्स डगमगते. पिशवी दोन तृतीयांशच भरा. गच्च भरली तर लेन्स वरून घरंगळते, अगदी सैल ठेवली तर पिशवी खिडकीच्या कडेवर दुमडून पडते आणि लेन्स थेट पत्र्यावर टेकते. नीट भरलेली पिशवी खिडकीवर टाकली की अर्धी आत, अर्धी बाहेर अशी खोगिरासारखी बसते. मधे मुठीने खळगा करायचा, त्यात लेन्स ठेवायची, आणि डावा हात लेन्सखाली नेण्याऐवजी लेन्सच्या वर हलकासा ठेवायचा. खांदा पूर्ण मोकळा राहतो.

काच पूर्ण उतरवून पिशवी दाराच्या कडेवर ठेवा. अर्ध्या काचेवर चार-पाच किलोंचा भार टाकला तर काच वर-खाली करणारी यंत्रणा बिघडू शकते. काचेच्या कडेवर ठेवण्यावाचून पर्याय नसेल तर एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोम उभा चिरून कडेवर चढवा आणि फक्त हलका कॅमेरा टेकवा.

आता प्रत्यक्ष पक्ष्याजवळ जाणं. समजा संध्याकाळी साडेचारला, कुंपणाच्या खांबावर नीलपंख बसलेला दिसला, अंतर ऐंशी मीटर. तिथेच थांबून एक फोटो घ्या, तो उडाला तर निदान नोंद राहते. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये, एका संथ वेगात, पक्ष्यावर रोखून न नेता त्याच्या बाजूने निघून जातोय अशी तिरकी न्या. वेग कमी-जास्त झाला की त्याला संशय येतो. पन्नास मीटरवर थांबा, इंजिन बंद करा, दोन-तीन मिनिटं काहीच करू नका. तो मान आखडून निवांत बसला, पिसं थोडी फुगवली, खाली गवतात किडे शोधू लागला, की त्याने तुम्हाला मान्य केलं. मान ताठ केली, डोकं वर-खाली करू लागला, अंग चपटं करून पुढे झुकला, तर पुढे जाऊ नका. उडण्याआधी बरेच पक्षी शिटतात. ते दिसलं की तो उडणारच, तयार राहा. सगळं ठीक असेल तर तीस मीटर, मग वीस. शेवटच्या टप्प्यात गाडी उतारावर असेल तर न्यूट्रलमध्ये हळूच घरंगळू द्या, थांबताना हँडब्रेक लावा. ब्रेकचा झटका आतल्या माणसाला लागतो आणि हातातला कॅमेरा नेमका तेव्हाच दारावर आपटतो. नीलपंख उतरून किडा पकडतो आणि पुष्कळदा त्याच खांबावर परत येतो, म्हणून तो उडाला तरी दहा मिनिटं हलू नका. हेच वेड्या राघूचं आणि तारेवरच्या कापशीचं.

या वेळात कुणीही दार उघडायचं नाही, इशारे करायला हात बाहेर काढायचा नाही. पक्षी कुठे आहे ते घड्याळाच्या भाषेत सांगा. बॉनेट म्हणजे बारा, डावी खिडकी म्हणजे नऊ. ‘दहा वाजता, बाभूळ, मधली फांदी, बुंध्यापासून हातभर’ एवढं म्हटलं की आईंना लेन्स नेमकी वळवता येते. ‘ते बघ, ते बघ’ म्हणण्यात पक्षी जातो.

गाडीतून काढलेल्या फोटोंवर एक आक्षेप असतो, कोन वरून येतो म्हणून. तो अंतरावर अवलंबून आहे. गाडीत बसलेल्याचा डोळा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वर असतो. जमिनीवरची टिटवी सहा मीटरवर असेल तर बारा अंशांच्या आसपास खाली बघावं लागतं आणि मागे नुसती माती येते. तीच तीस मीटरवर असेल तर कोन अडीच अंशांच्या आत, म्हणजे जमिनीवर पालथं पडून काढल्यासारखाच. जमिनीवरच्या पक्ष्यासाठी मुद्दाम लांब थांबा.

यावरून लेन्सचा प्रश्न येतो. पहिल्या सहलीआधी काहीही विकत घेऊ नका. तुमची ७०-३०० जुन्या डीएसएलआरवर साधारण साडेचारशे मिलिमीटरइतकं जवळ आणते. होडीतून रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, राखी बगळा यांना तेवढी पुरते. चंडोल, वेडा राघू, खंड्या यांना पुरणार नाही. फूल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स असेल तर दहा मीटरवर चौकटीत ६० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा मावतो, वीस मीटरवर त्याच्या दुप्पट. वेडा राघू शेपटीच्या तारा सोडून वीतभरसुद्धा नसतो, म्हणजे वीस मीटरवर तो चौकटीचा छोटासा भागच व्यापणार. हे गणित आधी कळलं की अपेक्षा जागेवर राहतात.

पुढे घ्यायचंच ठरलं तर आईंच्या बाबतीत वजन हाच पहिला निकष, बाकी सगळं नंतर. कॅननचा आर १० कॅमेरा आणि आरएफ १००-४०० लेन्स ही जोडी जेमतेम एक किलो ६५ ग्रॅम भरते आणि ६४० मिलिमीटरइतकी पोहोच देते. दुखऱ्या खांद्यासाठी यापेक्षा सोयीचं फार थोडं आहे. लेन्स बदलायचा व्याप नको असेल तर निकॉन पी ९५०, तोही एक किलोच्या जवळपास, पोहोच २००० मिलिमीटर. भर उन्हात बसलेल्या पक्ष्यासाठी तो छान, पण सेन्सर लहान असल्याने पहाटेच्या कमी उजेडात चित्र दाणेदार होतं आणि उडत्या पक्ष्याला तो पकडत नाही. सोनीची २००-६०० चित्र सुंदर देते, पण एकट्या लेन्सचं वजन दोन किलोंच्या वर आहे. ती फक्त मुगाच्या पिशवीवर, होडीत नाही. कॅननची ८०० एफ ११ वजनाला हलकी आणि किमतीला परवडणारी म्हणून लोक घेतात, पण ती सहा मीटरच्या आतलं काहीच फोकस करत नाही, त्यामुळे घराच्या गॅलरीतून फोटो काढणाऱ्याला निरुपयोगी ठरते. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. दोन दिवस आणा, आईंच्या हातात द्या, आणि रात्री खांदा काय म्हणतो ते विचारून मग ठरवा.

सेटिंग आदल्या दिवशी घरी करून ठेवा, गाडीत मेनू उघडून बसू नका. मॅन्युअल मोड, छिद्र (अ‍ॅपर्चर) लेन्स देईल तेवढं उघडं, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/८००, उडत्यासाठी १/२०००. काही कॅमेऱ्यांच्या चकतीवर सी १ आणि सी २ अशा जागा असतात, तुमच्यावर असतील तर त्यात हे दोन संच साठवले की एक चकती फिरवून काम भागतं. हाताला कंप असेल तर बसलेल्यालाही १/१६०० ठेवा. लेन्समधलं स्टॅबिलायझर आपला हात सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. बोटाने बटण अर्धवट दाबून धरायला त्रास होत असेल तर फोकसचं काम मागच्या अंगठ्याच्या बटणावर द्या. पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालूच ठेवा. एका वेळी पाच-सहा फोटोंची झड घ्या, पहिला बटण दाबण्याच्या धक्क्याने हलतो, तिसरा-चौथा बहुधा स्वच्छ येतो. पांढरा बगळा किंवा रोहित गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, पाऊण स्टॉप कमी करा, नाहीतर पिसांच्या रेघा जळून पांढरा डाग उरतो. उजळ आभाळावर उडणाऱ्याला उलट, एक स्टॉप जास्त.

घरी येऊन फोटो मऊ दिसले तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका, फोटो मोठा करून बघा. चौकटीतलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं असेल तर हात किंवा गाडी हलली. पक्ष्यापुढचं गवत स्वच्छ आणि पक्षी मऊ असेल तर फोकस चुकला. अंग स्वच्छ पण डोकं किंवा पंख पुसट असतील तर शटर कमी पडलं. आणि कडा वितळल्यासारख्या, पाण्यातून बघितल्यासारख्या असतील तर ती तापलेल्या हवेची थरथर आहे. तिच्यावर कुठलीही महाग लेन्स उपाय नाही. माळावर जानेवारीतही साडेनऊ-दहानंतर ती सुरू होते, डांबरी रस्त्यावरून काढलं तर आणखी आधी. थरथरीचं एक कारण तुमच्याच गाडीत असतं. आतली उबदार हवा खिडकीतून बाहेरच्या गार हवेत मिसळते ती नेमकी लेन्ससमोर. म्हणून जागेवर पोहोचायच्या दहा मिनिटं आधी हीटर किंवा एसी बंद करून सगळ्या काचा उतरवा. तापलेल्या बॉनेटवरून, म्हणजे अकरा-बाराच्या दिशेला, फोटो काढूच नका.

भिगवणकडे वळू. पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ करत भिगवण शंभरेक किलोमीटर. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पहाटे पावणेपाचला घर सोडलंत तर घाई न करता पोहोचाल. उजनी धरणाच्या या फुगवट्यात होड्या मुख्यतः कुंभारगाव आणि डिकसळला मिळतात, आणि त्या स्थानिक मच्छीमारांच्या असतात. ही माणसं पक्ष्यांना चांगली ओळखतात आणि म्हाताऱ्या माणसांना जपून नेतात, पण आधी सांगितलं तरच तशी तयारी करता येते. आदल्या दिवशी फोनवर तीन गोष्टी बोला. पहिली, रोहित आलेत का. ते उथळ पाण्यातला गाळ चोचीने गाळून खातात. धरण काठोकाठ असेल त्या वर्षी उथळ जागा उशिरा उघड्या पडतात आणि रोहितही उशिरा येतात. ते नसले तरी चक्रवाक, चित्रबलाक, पट्टकदंब, शेकाटे, नदी सुरय असतातच, दिवस वाया जात नाही. दुसरी, वॉकर वापरणाऱ्या बाई आहेत, होडी आडवी काठाला लागेल अशी जागा हवी आणि दोन माणसं हाताशी हवीत. तिसरी, पक्षी उडवायचे नाहीत.

या तिसऱ्या गोष्टीवर ठाम राहा. उडत्या थव्याच्या फोटोसाठी पर्यटक हट्ट धरतात आणि मग होडी थव्यात घातली जाते. रोहितांना दिवसाचे कित्येक तास खाण्यात घालवावे लागतात, आणि प्रत्येक वेळी उडण्यात त्या खाण्यातली ताकद जाते. सगळ्यांची डोकी पाण्यात आहेत तोवर अंतर बरोबर आहे. डोकी वर निघाली आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले की थांबा, थोडं मागे या. उडतानाचे फोटो न उडवताही मिळतात. पक्षी वाऱ्याच्या तोंडाकडे उडतो आणि तसाच उतरतो. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून होडी थव्याच्या पूर्वेला लावा. त्या दिवशी वाराही पाठीमागून येत असेल तर येणारे-जाणारे थवे आपोआप तुमच्या दिशेला तोंड करून उतरतील.

होडीत चढण्याची कृती गाडीसारखीच. होडीच्या काठावर पाठ करून बसायचं आणि पाय आत वळवायचे. मात्र त्याआधी दोन माणसं होडीत पलीकडच्या बाजूला बसलेली हवीत, नाहीतर काठावर वजन पडताच होडी कलते. वॉकर काठावरच्या चिखलात रुततो, म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायवुडचा तुकडा गाडीत ठेवा आणि शेवटच्या चार पावलांना तो खाली टाका. होडीतली फळी गुडघ्यांच्या मानाने खाली असते, तिच्यावर आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा फोम ठेवा. प्लास्टिकची खुर्ची होडीत ठेवून तिच्यावर बसवू नका, वजन उंच जातं आणि पाय घसरतात. लाइफ जॅकेट घालाच. त्याचा खांद्यावरचा फुगवटा कॅमेऱ्याच्या आड येतो, तेव्हा पट्टे काठावरच घट्ट करून दोन-चार फोटो काढून बघा. मुगाची पिशवी इथे मांडीवर घ्यायची, होडीच्या काठावर नाही. इंजिनाची थरथर लाकडातून लेन्समध्ये येते, मांडी ती झेलते. पक्ष्यांजवळ इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलायला सांगा. डोळा पाण्याच्या इतक्या जवळ असतो की काठावरून मिळणार नाही असा कोन बसल्या जागी मिळतो. दीड तास पुरे. त्यापुढे पाठ बोलू लागते आणि ऊनही कडक होतं.

संध्याकाळच्या गाडीसाठी गवताळ माळ हवा. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे वनविभागाची गवताळ प्रदेशातली सफारी आहे, ऑनलाइन नोंदणी करून वाटाड्यासह गाडीतूनच फिरता येतं. भोवत्या, चंडोल, पखुर्डी, नशीब असेल तर धाविक. ठरलेली वाट सोडून गाडी गवतात घालू नका, कितीही मोह झाला तरी. धाविक आणि टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असतात, चाकाखाली गेलेली कळतही नाहीत. घरट्याशी फोटो नको, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावणंही नको.

भिगवण जमलं की पुढे ऐरोलीची ठाणे खाडीतली होडी बघा, पण तिथे वेळ भरती-ओहोटीवर असते आणि तरंगत्या जेट्टीचा उतार ओहोटीला जास्त तीव्र होतो. ‘उतार कधी सपाट असतो’ हा प्रश्न नोंदणी करतानाच विचारा. गोव्यात झुआरी नदीतून होणारी पक्षी-फेरी गुडघ्यांना मानवते. चोडणच्या सलीम अली अभयारण्याला जाताना रायबंदरच्या फेरीबोटीत गाडी थेट आत जाते, मधे चढ-उतार करावी लागत नाही. मुगाची पिशवी रिकामी न्या, मूग तिकडच्या किराणा दुकानात मिळतात.

कुणी चाकाच्या खुर्चीतून फोटो काढणार असेल तर दोनच गोष्टी वेगळ्या. वाळूत आणि मऊ मातीत पुढची लहान चाकं रुततात, तिथे खुर्ची उलटी वळवून मोठी चाकं पुढे करून ओढा. ट्रायपॉडचे पाय खुर्चीच्या पायटेकाला अडतात, त्याऐवजी दोन्ही हातांच्या दांड्यांवर एक फळी आडवी बांधा, साठ सेंटिमीटर लांब, वीतभर रुंद, आणि तिच्यावर मुगाची पिशवी ठेवा. दर अर्ध्या तासाने अंग उचलून बसण्याची जागा बदलायला मात्र विसरू नका. फोटोच्या नादात ते राहून जातं आणि कातडीला जखम होते.

आईंच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती पाण्याची. स्वच्छतागृहाची सोय नसेल या भीतीने बायका पहाटेपासून पाणी पीत नाहीत, आणि दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं, पायात गोळे येतात. हमरस्त्यावर खुर्चीसारखा कमोड असलेलं हॉटेल आधी शोधून ठेवा आणि होडीआधी तिथे थांबा. घडीचा कमोड गाडीत ठेवता आला तर आणखी चांगलं. दर पाऊण तासाने घोटे वर-खाली करायचे, दुपारी बारा ते साडेतीन खोली घेऊन आडवं व्हायचं. त्या वेळात तसाही फोटोंसारखा प्रकाश नसतो.

निघण्याआधीचा आठवडा सरावात घालवा. गॅलरीत किंवा अंगणात चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचं मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी चार-पाच सेंटिमीटरच, मधे एक खरबरीत दगड. भांड्यापासून दोन फुटांवर एक वाळकी फांदी उभी करा, पक्षी आधी तिच्यावर बसतो, आणि मागे चार-पाच मीटर काही नसेल अशी दिशा निवडा. पाणी रोज बदला, भांडं काथ्याने घासा. आईंना पाच मीटरवर खुर्चीत बसवा, पुढे दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर मुगाची पिशवी. साळुंकी आणि बुलबुल दोन-तीन दिवसांत येऊ लागतील. साळुंकी अंग झटकताना तिच्या डोळ्यावर फोकस टिकवणं आईंना जमलं, चकती न बघता सी १ वरून सी २ वर जाता आलं, की भिगवणच्या होडीत त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे न राहता रोहितांकडे राहील.